श्रेयांक हस्तांतरण (अमेरिकेतील ऑनलाइन पदवी शिक्षण)

श्रेयांक हस्तांतरण म्हणजे एका शिक्षणसंस्थेत, प्रमाणित परीक्षेद्वारे किंवा अन्य मान्य मार्गाने मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेने आपल्या पदवीसाठी ग्राह्य धरण्याची व्यवस्था होय. अमेरिकेत पदवीपूर्व शिक्षणाचे शुल्क बहुधा श्रेयांकांच्या संख्येवर आकारले जाते. त्यामुळे स्वस्त मार्गाने श्रेयांक मिळवून ते ऑनलाइन पदवी देणाऱ्या विद्यापीठात वर्ग करणे, हा पदवीचा खर्च कमी करण्याचा एक प्रमुख उपाय मानला जातो. नोकरी करणारे प्रौढ, अर्धवट शिक्षण सोडलेले विद्यार्थी, सैनिक आणि स्थलांतरित या वर्गांत तो विशेष प्रचलित आहे. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या संस्थेच्या अहवालांनुसार अमेरिकेत महाविद्यालयात प्रवेश घेऊनही कोणतीही पदवी वा प्रमाणपत्र न मिळवलेल्या, काम करण्याच्या वयातील व्यक्तींची संख्या ३ कोटी ६० लाखांहून अधिक आहे. त्यांपैकी अनेकांच्या खात्यावर जुने श्रेयांक पडून असतात.

श्रेयांक वर्ग होतील की नाही, याचा निर्णय ते स्वीकारणारी संस्था घेते. ते देणारी संस्था नव्हे. यामुळे अशा नियोजनात अंतिम पदवी व ती देणारे विद्यापीठ आधी निश्चित करणे आणि श्रेयांक नंतर मिळवणे हा क्रम महत्त्वाचा ठरतो. हा क्रम उलटल्यास पैसा व वेळ खर्चूनही श्रेयांक निरुपयोगी ठरू शकतात.

श्रेयांकाचे मोजमाप

अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांत पदवीसाठी १२० सत्र-श्रेयांक आणि दोन वर्षांच्या असोसिएट पदवीसाठी ६० सत्र-श्रेयांक आवश्यक असतात. एक अभ्यासक्रम साधारणपणे ३ श्रेयांकांचा असतो. म्हणजे पदवी सुमारे ४० अभ्यासक्रमांची होते. केंद्र सरकारच्या नियमांतील व्याख्येनुसार एक श्रेयांक म्हणजे सुमारे १५ आठवडे दर आठवड्याला एक तास अध्यापन आणि किमान दोन तास स्वाध्याय, अथवा त्याच्याशी तुल्य असे काम. यावरून एका श्रेयांकामागे साधारण ४५ तासांचे काम अपेक्षित असते.

काही विद्यापीठे वर्षाचे दोन सत्रांऐवजी तिमाह्यांत विभाजन करतात. तेथील पदवी सामान्यतः १८० तिमाही-श्रेयांकांची असते आणि एक तिमाही-श्रेयांक दोन-तृतीयांश सत्र-श्रेयांकाबरोबर धरला जातो. तिमाही पद्धतीच्या संस्थेतील ५ श्रेयांकांचा अभ्यासक्रम सत्र पद्धतीच्या संस्थेत ३.३३ श्रेयांकांचा होतो. ४ श्रेयांकांचा अभ्यासक्रम मात्र २.६७ श्रेयांकांवर येतो आणि ३ श्रेयांकांच्या अटीस थोडक्यात अपुरा पडतो. असे अपूर्णांक साठल्यास पदवीच्या शेवटी एखादा जादा अभ्यासक्रम करावा लागतो.

पदवीचे श्रेयांक सर्वसाधारणपणे तीन भागांत विभागलेले असतात: लेखन, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मानव्यविद्या यांचा समावेश असलेले सामान्य शिक्षण, मुख्य विषय, आणि मुक्त ऐच्छिक श्रेयांक. यांखेरीज अनेक विद्यापीठे ३० ते ४५ श्रेयांक वरच्या स्तराचे, म्हणजे तिसऱ्या व चौथ्या वर्षाच्या पातळीचे, असावेत अशी अट घालतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी ऐच्छिक विषयांच्या पद्धतीचा पुरस्कार केला. विद्यार्थी वेगवेगळे विषय निवडू लागल्यावर त्यांचे शिक्षण मोजण्यासाठी सामाईक एककाची गरज भासू लागली. १९०६ साली सनद मिळालेल्या कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतन योजनेत सहभागी होणाऱ्या महाविद्यालयांसाठी प्रवेशाचे निकष ठरवताना माध्यमिक शिक्षणाचे तासांवर आधारित एकक रूढ केले. महाविद्यालयीन श्रेयांकाची पद्धत त्याच धर्तीवर स्थिरावली. मुळात प्रशासकीय सोयीसाठी आलेले हे एकक पुढे शुल्क, अर्थसाहाय्य आणि अध्यापकांचा कार्यभार या सर्वांचे परिमाण बनले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने सैनिकांच्या लष्करी प्रशिक्षणाचे महाविद्यालयीन श्रेयांकांत मूल्यमापन करण्यास सुरुवात केली. १९४४ च्या जी. आय. बिल कायद्याने लाखो माजी सैनिक महाविद्यालयांत आले आणि वर्गाबाहेर मिळवलेल्या ज्ञानाला श्रेयांक देण्याची कल्पना रुजली. १९६७ मध्ये कॉलेज बोर्डाने कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम, म्हणजे क्लेप, ही परीक्षायोजना सुरू केली.

१९७० च्या दशकाच्या आरंभी प्रौढांना विखुरलेले श्रेयांक एकत्र करून पदवी मिळवता यावी, या उद्देशाने तीन संस्था उदयास आल्या. न्यू यॉर्क राज्यात १९७१ मध्ये सुरू झालेल्या बहिःस्थ पदवी कार्यक्रमातून पुढे एक्सेल्सियर कॉलेज, आताचे एक्सेल्सियर विद्यापीठ, निर्माण झाले. न्यू जर्सीत १९७२ मध्ये थॉमस एडिसन कॉलेजची आणि कनेटिकटमध्ये १९७३ मध्ये चार्टर ओक कॉलेजची स्थापना झाली. इंटरनेटच्या प्रसारानंतर या संस्थांचे काम मुख्यतः ऑनलाइन झाले.

अधिस्वीकृती

अमेरिकेत विद्यापीठांना मान्यता देणारे केंद्रीय मंत्रालय वा भारतातील विद्यापीठ अनुदान आयोगासारखी एकच संस्था नाही. खासगी अधिस्वीकृती संस्था विद्यापीठांचे मूल्यमापन करतात आणि केंद्रीय शिक्षण विभाग त्या अधिस्वीकृती संस्थांना मान्यता देतो. परंपरेने या संस्थांचे प्रादेशिक आणि राष्ट्रीय असे दोन गट मानले जात. हायर लर्निंग कमिशन, मिडल स्टेट्स कमिशन, सदर्न असोसिएशन इत्यादी प्रादेशिक संस्थांकडे बहुतेक सार्वजनिक व नामांकित खासगी विद्यापीठे येतात. राष्ट्रीय गटातील संस्था प्रामुख्याने व्यवसायशिक्षण देणाऱ्या व नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांची अधिस्वीकृती करीत.

'राष्ट्रीय' हा शब्द अधिक व्यापक मान्यतेचा वाटला तरी व्यवहारात परिस्थिती उलट होती. प्रादेशिक अधिस्वीकृती असलेली विद्यापीठे राष्ट्रीय अधिस्वीकृतीच्या महाविद्यालयांचे श्रेयांक अनेकदा नाकारीत. जुलै २०२० मध्ये शिक्षण विभागाने आपल्या नियमांतून हा भेद काढून टाकला; तथापि श्रेयांक स्वीकारण्याचा अधिकार विद्यापीठांकडेच असल्यामुळे जुने धोरण अनेक ठिकाणी कायम राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट ही देशभर शाखा असलेली संस्था अकस्मात बंद पडली, तेव्हा तिच्या विद्यार्थ्यांना या भेदाचा मोठा फटका बसला. कर्जे काढून मिळवलेले त्यांचे श्रेयांक इतरत्र क्वचितच स्वीकारले गेले. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने या संस्थेच्या सुमारे २ लाख ८ हजार माजी विद्यार्थ्यांची ३९० कोटी डॉलरची कर्जे माफ केली.

कोणतीही मान्यता नसलेल्या, केवळ पैसे घेऊन पदव्या देणाऱ्या बनावट संस्थाही अस्तित्वात आहेत. त्यांपैकी काही बनावट अधिस्वीकृती संस्थांचा हवाला देतात. त्यामुळे विद्यापीठाची अधिस्वीकृती शिक्षण विभागाच्या अधिकृत सूचीत पडताळली जाते.

स्वस्त श्रेयांकांचे मार्ग

कम्युनिटी कॉलेज

कम्युनिटी कॉलेज ही सार्वजनिक, दोन वर्षांची महाविद्यालये होत. कॉलेज बोर्डाच्या आकडेवारीनुसार २०२३–२४ मध्ये स्थानिक पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी त्यांचे सरासरी वार्षिक शुल्क ३,९९० डॉलर होते. त्याच वर्षी राज्यातील विद्यार्थ्यांसाठी चार वर्षांच्या सार्वजनिक विद्यापीठांचे सरासरी शुल्क ११,२६० डॉलर आणि विनानफा खासगी विद्यापीठांचे ४१,५४० डॉलर होते. निवास व भोजनाचा खर्च यांत धरलेला नाही.

कम्युनिटी कॉलेजचे श्रेयांक प्रत्यक्ष महाविद्यालयीन श्रेयांक असल्याने ते सर्वांत निर्धोक समजले जातात. अनेक राज्यांत कम्युनिटी कॉलेज आणि विद्यापीठे यांच्यात हस्तांतरणाचे करार आहेत. फ्लॉरिडात १९७० च्या दशकापासून सार्वजनिक महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांना सामाईक क्रमांक दिले जातात. कॅलिफोर्नियात २०१० च्या कायद्याने हस्तांतरणासाठीची स्वतंत्र असोसिएट पदवी निर्माण झाली. ती पूर्ण करणाऱ्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी व्यवस्थेत प्रवेशाची आणि समान विषयात उरलेल्या ६० श्रेयांकांत पदवी पूर्ण करता येण्याची हमी मिळते. असे करार बहुधा राज्याच्या सीमेपुरते असतात.

प्रमाणित परीक्षा

क्लेप योजनेत तीसहून अधिक विषयांच्या परीक्षा असतात. गुणांकन २० ते ८० या पट्ट्यात होते आणि बहुतेक विषयांत ५० गुणांवर श्रेयांक देण्याची शिफारस आहे. बहुसंख्य परीक्षा ९० मिनिटांच्या व ३ श्रेयांकांच्या असतात. काही विषयांना ६ किंवा अधिक श्रेयांक मिळतात. परीक्षाशुल्क १०० डॉलरच्या आसपास असून परीक्षाकेंद्र स्वतःचे वेगळे शुल्क आकारू शकते. मॉडर्न स्टेट्स ही धर्मादाय संस्था विनामूल्य तयारीवर्ग पूर्ण करणाऱ्यांना परीक्षाशुल्काची सवलतपत्रे देते. अनुत्तीर्ण झाल्यास तोच विषय तीन महिन्यांनी पुन्हा देता येतो.

डीएसएसटी ही अशीच दुसरी परीक्षायोजना मूळ सैनिकांसाठी विकसित झाली. आता ती सर्वांना खुली आहे. शालेय वयात दिलेल्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षांचे श्रेयांकही वर्ग होऊ शकतात. त्यांत १ ते ५ या श्रेणीपैकी ३ किंवा त्याहून अधिक श्रेणी सामान्यतः लागते. नामांकित विद्यापीठे ४ वा ५ ची अपेक्षा करतात.

शिफारसप्राप्त अभ्यासक्रम

सोफिया लर्निंग, स्टडी डॉट कॉम, स्ट्रेटरलाइन इत्यादी कंपन्या स्वतः विद्यापीठे नसून पदवी देत नाहीत. त्यांच्या अभ्यासक्रमांचे मूल्यमापन अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन करते आणि किती श्रेयांक द्यावेत याची शिफारस करते. ही शिफारस कोणत्याही विद्यापीठावर बंधनकारक नसते. सोफियाचे शुल्क मासिक वर्गणीच्या स्वरूपाचे, सुमारे ९९ डॉलर, असते. विद्यार्थ्याने महिन्यात जितके अभ्यासक्रम पूर्ण करावेत तितका दर श्रेयांकामागील खर्च घटतो. यांतील बहुतेक अभ्यासक्रम खालच्या स्तराचे असतात. त्यामुळे वरच्या स्तराच्या श्रेयांकांची अट या मार्गाने सहसा पूर्ण होत नाही.

पूर्वानुभव व लष्करी प्रशिक्षण

काही विद्यापीठे कामाच्या अनुभवातून आलेल्या ज्ञानाचे मूल्यमापन करून श्रेयांक देतात. विद्यार्थ्याला त्यासाठी पुराव्यांसह संकलिका सादर करावी लागते. श्रेयांक अनुभवाच्या वर्षांना दिले जात नाहीत. अभ्यासक्रमाशी तुल्य ज्ञान सिद्ध करावे लागते. सैनिकांचे प्रशिक्षण जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट या एकत्रित गुणपत्रकावर नोंदले जाते.

स्वीकृती आणि उपयुक्तता

श्रेयांक स्वीकारला जाणे आणि तो पदवीच्या अटींना लागू पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खर्चाच्या दृष्टीने हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भेद होय. एखादे विद्यापीठ ९० श्रेयांक स्वीकारते असे जाहीर करते, तेव्हा ती कमाल मर्यादा असते. त्यांपैकी किती श्रेयांक विशिष्ट पदवीत बसतील, हे प्रत्येक अभ्यासक्रमावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, संगणकशास्त्राच्या पदवीत मुक्त ऐच्छिक श्रेयांक १२ असतील आणि विद्यार्थ्याकडे इतिहास व मानसशास्त्राचे ३० जादा श्रेयांक असतील, तर ते सर्व गुणपत्रकावर दिसूनही १८ श्रेयांकांचा पदवीस काही उपयोग होत नाही. याउलट मानव्यविद्या अथवा सर्वसाधारण अभ्यासाच्या पदव्यांत ऐच्छिक भाग मोठा असल्याने तेच श्रेयांक बहुतांशी सामावले जातात.

श्रेयांक नाकारले जाण्याची वा निरुपयोगी ठरण्याची नेहमीची कारणे पुढीलप्रमाणे आढळतात:

• निवासी श्रेयांकांची अट. या संज्ञेचा वसतिगृहाशी वा राज्यातील वास्तव्याशी संबंध नाही. पदवी देणाऱ्या विद्यापीठातच पूर्ण करावयाच्या किमान श्रेयांकांना निवासी श्रेयांक म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते ३० असतात; काही संस्था शेवटचे ३० श्रेयांक आपल्याकडेच व्हावेत असा आग्रह धरतात.
• श्रेणीची अट. सामान्यतः सी श्रेणीपेक्षा कमी श्रेणीचे अभ्यासक्रम वर्ग होत नाहीत. वर्ग झालेल्या अभ्यासक्रमांची श्रेणी नव्या विद्यापीठाच्या सरासरीत बहुधा धरली जात नाही.
• पुनरावृत्ती. एकाच आशयाचा अभ्यासक्रम परीक्षेने व वर्गात असा दोनदा केल्यास श्रेयांक एकदाच मिळतात.
• कालबाह्यता. तंत्रज्ञान, परिचर्या व विज्ञान या शाखांतील पाच ते दहा वर्षांपूर्वीचे श्रेयांक काही विद्यापीठे नाकारतात. सामान्य शिक्षणाच्या श्रेयांकांना बहुधा अशी मुदत नसते.
• स्तर. कम्युनिटी कॉलेजचा अभ्यासक्रम आशयाने तुल्य असला तरी तो वरच्या स्तराचा म्हणून धरला जात नाही.
• अडवलेले गुणपत्रक. जुन्या महाविद्यालयाची थकबाकी असल्यास ते गुणपत्रक देण्यास नकार देऊ शकते. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क इत्यादी राज्यांनी या प्रथेवर कायद्याने बंदी घातली आहे.

नियोजनाची पद्धत

पदवीपासून मागे जाणे हे या नियोजनाचे मूळ तत्त्व आहे. प्रथम पदवी, तिचा विषय आणि ती देणारे अधिस्वीकृत विद्यापीठ निश्चित केले जाते. पुढील शिक्षण वा परवाना अपेक्षित असल्यास त्याच्या अटी याच टप्प्यावर पाहिल्या जातात. सनदी लेखापाल, परिचारिका, शिक्षक अशा व्यवसायांची परवाना मंडळे राज्यागणिक वेगवेगळी असून, विद्यापीठाने स्वीकारलेले परीक्षाधारित श्रेयांक त्यांना मान्य असतीलच असे नाही. वैद्यकीय महाविद्यालयेही प्रवेशासाठी आवश्यक असलेल्या विज्ञान विषयांत अशा श्रेयांकांबाबत कठोर असतात.

त्यानंतर विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या अभ्यासक्रम पुस्तिकेतून पदवीच्या सर्व अटींची यादी केली जाते. पूर्वीच्या प्रत्येक संस्थेचे गुणपत्रक मागवून जुने श्रेयांक या यादीत बसवले जातात. काही विद्यापीठे प्रवेशापूर्वी अनौपचारिक मूल्यमापन विनामूल्य करून देतात. ट्रान्सफरॉलॉजी आणि कॅलिफोर्नियातील असिस्ट यांसारख्या संगणकीय सूचींत अभ्यासक्रमांची तुल्यता शोधता येते. तथापि अंतिम निर्णय प्रवेशानंतरच्या अधिकृत मूल्यमापनाचा असतो.

यादीतील रिकाम्या जागांसाठी स्वस्त मार्ग त्यानंतर निवडले जातात. नवा अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वी तो कोणत्या अटीस लागू होईल, याचे विद्यापीठाकडून लेखी उत्तर घेणे उपयुक्त ठरते. तोंडी आश्वासन देणारा सल्लागार बदलू शकतो. लेखी उत्तर पुनर्विचाराच्या अर्जास जोडता येते. बहुतेक विद्यापीठांत नाकारलेल्या श्रेयांकाबाबत अभ्यासक्रमाचा तपशील सादर करून पुनर्विचार मागता येतो. याच कारणासाठी जुन्या अभ्यासक्रमांची माहितीपत्रके जपून ठेवली जातात.

प्रवेशाची वेळही महत्त्वाची असते. विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वर्षाच्या अभ्यासक्रम पुस्तिकेचे नियम लागू होतात. प्रवेशापूर्वी दीर्घकाळ बाहेरून श्रेयांक जमवत राहिल्यास मधल्या काळात नियम बदलू शकतात. उलट, प्रवेश घेतल्यानंतर बाहेरील अभ्यासक्रमांसाठी काही विद्यापीठे पूर्वपरवानगी मागतात किंवा ते पूर्णतः नाकारतात.

खर्चाचे उदाहरण

दर श्रेयांकास ३३० डॉलर आकारणारे, ९० श्रेयांक स्वीकारणारे एक कल्पित विद्यापीठ घेतल्यास गणित पुढीलप्रमाणे मांडता येते. संपूर्ण पदवी तेथेच केल्यास १२० श्रेयांकांचे ३९,६०० डॉलर होतात. त्याऐवजी:

• कम्युनिटी कॉलेजात एक वर्ष, ३० श्रेयांक: सुमारे ३,९९० डॉलर
• क्लेपच्या १० परीक्षा, ३० श्रेयांक, प्रत्येकी ९५ डॉलर: ९५० डॉलर
• मासिक वर्गणीचे शिफारसप्राप्त अभ्यासक्रम, पाच महिन्यांत ३० श्रेयांक: ४९५ डॉलर
• विद्यापीठातील उरलेले ३० श्रेयांक: ९,९०० डॉलर

अशी एकूण १५,३३५ डॉलर रक्कम होते. म्हणजे मूळ खर्चाच्या दोन-पंचमांशापेक्षा कमी. यात पुस्तके, परीक्षाकेंद्र, गुणपत्रके आणि अर्ज यांचे शुल्क धरलेले नाही. वर्ग होणारे सर्व ९० श्रेयांक पदवीच्या अटींत बसतात आणि वरच्या स्तराचे श्रेयांक ३० पुरतात, असेही येथे गृहीत आहे. त्यांपैकी १५ श्रेयांक न बसल्यास आणि ते विद्यापीठातच पुन्हा करावे लागल्यास खर्च ४,९५० डॉलरने वाढतो. परीक्षा व वर्गणी या दोन्ही मार्गांवर केलेल्या एकूण खर्चाच्या तिपटीहून ही रक्कम अधिक आहे. स्वस्त श्रेयांकाची खरी किंमत तो लागू पडतो की नाही यावर ठरते, ती अशी.

विद्यापीठाची शुल्कपद्धतीही परिणाम करते. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी, जी १९९७ मध्ये १९ राज्यपालांच्या पुढाकाराने स्थापन झाली, श्रेयांकाऐवजी सहा महिन्यांच्या मुदतीचे ठरावीक शुल्क घेते. तेथे विद्यार्थी क्षमता सिद्ध करून मुदतीत कितीही अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो. अशा ठिकाणी वर्ग केलेल्या श्रेयांकांमुळे होणारी बचत उरलेल्या मुदतींच्या संख्येवर मोजली जाते.

अर्थसाहाय्य

गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान परत करावे लागत नाही. २०२४–२५ मध्ये त्याची कमाल वार्षिक रक्कम ७,३९५ डॉलर होती. ही रक्कम कम्युनिटी कॉलेजच्या सरासरी शुल्काहून अधिक असल्याने, पूर्ण अनुदानास पात्र विद्यार्थ्यासाठी कम्युनिटी कॉलेज हाच अनेकदा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. क्लेप परीक्षा वा वर्गणीचे अभ्यासक्रम या अनुदानातून परस्पर घेता येत नाहीत. पेल अनुदान आयुष्यात एकूण १२ पूर्ण सत्रांइतकेच मिळते. निरुपयोगी ठरलेल्या श्रेयांकांवर खर्च झालेली सत्रेही त्यात मोजली जातात.

केंद्रीय कर्जासाठी किमान अर्धवेळ प्रवेश आवश्यक असतो. महाविद्यालय सोडून केवळ परीक्षा व बाहेरील अभ्यासक्रम करणारा विद्यार्थी कायद्याने प्रवेशित मानला जात नाही. त्यामुळे त्याच्या जुन्या कर्जाची साधारणतः सहा महिन्यांची सवलतीची मुदत सुरू होते आणि ती संपताच हप्ते देय होतात. शैक्षणिक प्रगतीच्या मोजणीत वर्ग झालेले श्रेयांकही धरले जातात. पदवीच्या आवश्यक श्रेयांकांच्या दीडपटीहून अधिक श्रेयांक घेतले गेल्यास साहाय्य थांबू शकते.

नोकरदारांना नियोक्त्याकडून मिळणाऱ्या शैक्षणिक साहाय्यापैकी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. सेवेतील सैनिकांना शिक्षणसाहाय्य योजनेतून दर सत्र-श्रेयांकास २५० डॉलरपर्यंत रक्कम मिळते.

श्रेयांकांची हानी आणि टीका

अमेरिकी काँग्रेसच्या अखत्यारीतील शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांनी हस्तांतरणात सरासरी अंदाजे ४३ टक्के श्रेयांक गमावल्याचे नमूद केले. संस्थांमधील करारांचा अभाव आणि माहिती सहज उपलब्ध नसणे या अडचणींवर अहवालाने बोट ठेवले.

विद्यापीठे आपल्या पदवीचा दर्जा राखण्यासाठी श्रेयांक नाकारण्याचा अधिकार आवश्यक मानतात. नाकारलेला प्रत्येक श्रेयांक पुन्हा विकला जातो, त्यामुळे या निर्णयात विद्यापीठांचे आर्थिक हितसंबंध गुंतलेले असतात, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. दुसऱ्या बाजूने, स्वयंगतीने काही आठवड्यांत पूर्ण होणाऱ्या अभ्यासक्रमांतील अध्ययनाच्या खोलीविषयी अध्यापकवर्गात शंका व्यक्त होते. पायाभूत विषय घाईने उरकलेल्या विद्यार्थ्याला वरच्या स्तराच्या गणित, लेखाशास्त्र अशा विषयांत अडचण येऊ शकते.

भारतीय पदवीधर आणि स्थलांतरित

भारतातील तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. पदवीस अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीशी तुल्य मानण्याबाबत एकवाक्यता नाही. अनेक विद्यापीठे अशा पदवीला सुमारे ९० सत्र-श्रेयांकांचे शिक्षण समजतात. काही मूल्यमापन संस्था विशिष्ट निकषांवर तिला पूर्ण पदवीचा दर्जा देतात. महाराष्ट्रातून अमेरिकेत स्थायिक झालेल्या, मुंबई वा पुणे विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या पदवीधरांना त्यामुळे श्रेयांक हस्तांतरणाचा मार्ग उपयोगी पडू शकतो. त्यासाठी एनएसीईएस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावे लागते. केवळ पदवीची तुल्यता सांगणाऱ्या संक्षिप्त अहवालावरून विद्यापीठाला विषयांचे श्रेयांक देता येत नाहीत.

एच-४ व्हिसावर राहणाऱ्या जोडीदारांना शिक्षण घेण्याची मुभा आहे. मात्र केंद्रीय अनुदान वा कर्ज त्यांना मिळत नाही. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर एका सत्रात केवळ एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्णवेळ शिक्षणात मोजता येतो, म्हणून संपूर्ण ऑनलाइन पदवी या व्हिसासाठी चालत नाही. भारतात परतू इच्छिणाऱ्यांसाठी आणखी एक मर्यादा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या विनियमांनुसार परदेशी पदवीस समकक्षता मिळण्यासाठी शिक्षण नियमित व प्रत्यक्ष उपस्थितीच्या पद्धतीने झालेले असणे अपेक्षित आहे.

भारतातील समांतर व्यवस्था

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे शैक्षणिक श्रेयांक पेढी, स्थापन करण्याचे विनियम अधिसूचित केले. विद्यार्थ्याचे श्रेयांक तिच्या संगणकीय खात्यात जमा होतात. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान ५० टक्के श्रेयांक मिळवणे या विनियमांनुसार आवश्यक आहे. स्वयम या शासकीय मंचावरील अभ्यासक्रमांतून एखाद्या कार्यक्रमाच्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ग्राह्य धरता येतात.

दोन्ही देशांतील श्रेयांकांचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक ३० तासांच्या अध्ययनाचा व वर्षाचे प्रमाण ४० श्रेयांकांचे आहे; त्यामुळे तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. अमेरिकेत वर्षाचे प्रमाण ३० श्रेयांकांचे असून १२० श्रेयांकांना चार वर्षे लागतात. आकडा एकच असला तरी भारतातील १२० श्रेयांक अमेरिकी विद्यापीठात आपोआप १२० ठरत नाहीत.

हे सुद्धा पहा

• कम्युनिटी कॉलेज
• दूरशिक्षण
• राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०
• यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ